गळ्याखालची खळी

दुर्गामावशीला ऐकू कमी येतं हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्यापासून काही लपत नाही हेही. लालबागच्या त्या चाळीत गॅलऱ्या समोरासमोर, मधे चौक. एखादी सून दबक्या आवाजात नवऱ्याशी भांडत असली तर शेजारच्या खोलीला पत्ता लागत नसे. पण समोरच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली दुर्गामावशी सुपातून मान वर काढून मोठ्यांदा म्हणे, “अगो, त्याका आदी जेवूक वाढ, मगे भांड!” आणि मग सगळ्या चाळीला कळायचं.

ही विद्या तिला गिरणीने दिली होती. सव्वीस वर्षं ती सूत बाबिनींवर गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होती. तिथे यंत्रांचा गोंगाट असा, की शेजारणीने कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नसे. म्हणून बाया ओठांनी बोलत, भुवयांनी बोलत. आज डब्यात काय, कुणाची सून गरोदर, देखरेख करणारा जॉबर कुठे उभा आहे, सगळं बिनआवाजाचं. हळूहळू कान गेले आणि डोळे तयार झाले. फिरणाऱ्या बाबिनींच्या रांगेत कुठली तार तुटली हे ती मान न वळवता टिपायची, पटकन गाठ मारायची आणि पुढे सरकायची. नवरा गेला तेव्हाही तेराव्या दिवसानंतर ती त्याच रांगेसमोर जाऊन उभी राहिली होती.

मग संप झाला. पहिल्यांदा वाटलं महिन्याभरात मिटेल. एक गणपती गेला, दुसरा आला, गिरणीचा भोंगा काही वाजला नाही. पुरुष मिळेल त्या कामाला लागले आणि बायाही घराबाहेर पडल्या. कुणी दादरला पोळ्या लाटायला, कुणी परळला धुण्याभांड्याला. त्यांची पोरं कुठे राहणार? दुर्गामावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत. तिने पाटी लावली नाही, कुणाला बोलावलं नाही. आधी एक आलं, मग चार आली, मग अकरा झाली. खोलीच्या कोपऱ्यात देव्हारा, त्यात गावची देवी सातेरी आणि गणपती. संध्याकाळी दिवा लागला की पोरं हात जोडून रांगेत बसत आणि शुभंकरोती इतक्या जोरात म्हणत, की मावशीलासुद्धा ऐकू यायची.

त्या अकरांत सुनेत्रा होती. दत्ताराम घाड्याची थोरली, आठ वर्षांची, तिसरीत. लांब वेणीची, बारीक अंगाची, आणि खेळात सगळ्यांच्या पुढे. दत्ताराम संपाआधी साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर होता, आता दादरला भाजीच्या टोपल्या उतरवायला जाई. तिची आई शेवंती घरीच कडेवरच्या धाकट्याला सांभाळून मसाल्याच्या दुकानांसाठी मिरच्यांची देठं काढून देई. पोतंभर मिरची खोलीत ओतलेली असायची, बसायला जागा नसे, म्हणून सुनेत्रा दुपारची मावशीकडे.

फाल्गुनात सुनेत्राला खोकला सुरू झाला. सर्दी दोन दिवसांत गेली, खोकला राहिला. पहाटे उठून बसायची आणि खोकायची. दिवसा मात्र ठणठणीत. धावायची, लंगडी घालायची, जिने दोन दोन पायऱ्या चढायची. खेळ संपला, पाटी घेऊन अभ्यासाला बसली की पाच-सात मिनिटांत खोकला चालू. कोरडा, एकामागून एक, थांबायचं नाव नाही.

“खेळताना बरा येत नाही गं खोकला?” शेवंती वैतागायची. “भांडी विसळायला सांगितली की लगेच खोकायला लागते. नाटकी मेली!”

चाळीचंही तेच मत होतं. पोरगी ढोंगी आहे. पोरीने एकदा “आई, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं” म्हणून सांगितलं, तर सगळ्या हसल्या. कोण बसलंय ग, मास्तर?

दुर्गामावशी हसली नव्हती, पण पहिल्यांदा चुकली तीही. तिने ठामपणे सांगून टाकलं, की हा सगळा मिरचीचा खेळ. ऐन चैत्र-वैशाखात, मसाल्याच्या मोसमात, तिने शेवंतीला देठं काढायचं काम बंद करायला लावलं. एवढ्यावर भागलं नाही, तळमजल्यावर मसाला कुटायचा डंक घातलेल्या रघुवीरशेठच्या दारात उभी राहून तिने त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा डंक सोडून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, “मावशी, लालबागात मिरची कुटायची नाही तर काय चौपाटीवर कुटू?” आठ दिवस शेवंतीच्या खोलीत मिरचीचं देठ नव्हतं. सुनेत्राचा खोकला थोडा उतरला, पण खेळून बसली की होताच.

नवव्या दिवशी मावशी स्वतः शेवंतीच्या दारात गेली. “माजा चुकला गो बाय,” ती म्हणाली. “नुसत्या मिरचीचा नाय ह्या. तू आपला काम सुरू कर, फक्त पोरीक त्या वेळी खोलीत ठेव नको.” मग जिना उतरून ती रघुवीरशेठलाही तेच सांगून आली. चाळीतल्या बायकांना मिरचीच्या भांडणापेक्षा ह्या कबुलीचंच जास्त नवल वाटलं. चुकले म्हणणारी माणसं तिथे फार नव्हती.

आषाढात पावसाबरोबर खोकला वाढला. गल्लीतल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला, तो उजेडाकडे धरला आणि इथे काहीतरी डागासारखं वाटतंय असं म्हणाला. दत्तारामला पुढचं ऐकायची गरजच राहिली नाही. त्याचा थोरला भाऊ भिवा क्षयाने गेला होता. ह्याच खोलीत, ह्याच खाटेवर. कापसाच्या कामात आयुष्य गेलेल्या वस्तीत खोकल्याला दुसरं नाव कुणाला सुचतच नसे. औषधं सुरू झाली, रोजच्या गोळ्या. सुनेत्राला मळमळायचं, खोकला तसाच.

आणि एका सकाळी तिचं ताट वेगळं झालं. पितळेचं, कडेला टवका उडालेलं जुनं ताट आणि एक पेला मोरीच्या बाजूला वेगळ्या फळीवर गेला. धाकट्याला तिने उचलायचं नाही. शेवंतीने हे केलं ते डोळे पुसत केलं, पण केलं. दुर्गामावशीकडे मात्र ती दुपारी बाकीच्या दहांच्या पंगतीतच जेवायची. एक-दोन आयांनी कुरकुर केली. मावशी म्हणाली, “ज्येका भ्या वाटता, तेना आपला पोर घेवन जावचा.” कुणी नेलं नाही. दुसरीकडे ठेवणार कुठे?

भाद्रपदात गौरी आल्या. गौरीपूजनाच्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत बायकांच्या फुगड्या रंगल्या. एके काळी दुर्गामावशीच्या फुगडीला अख्खी चाळ जमायची. अंगाने आडवी, पण पाय भोवऱ्यासारखे. नवरा गेल्यापासून ती खेळत नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी ये असंही म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशी बसायची, भिंतीला टेकून, आणि बघायची.

त्या दिवशी बघायला बसली म्हणूनच तिला दिसलं.

सुनेत्राने पाठोपाठ तीन फुगड्या घातल्या. गाल लाल, डोळे चमकत होते, श्वास जोराचा पण मोकळा. धावपळीनंतर कुणाचाही असतो तसा. मग ती येऊन मावशीच्या शेजारी बसली. बाकीच्या पोरींची धाप बसत गेली. हिची मात्र, आता बसेल असं वाटताना, उलटी चढायला लागली. खोलीत टाळ्या आणि गलका, त्यात खोकला कुणाच्या कानावर पडला नाही. मावशीच्या कानावर तर नाहीच. पण तिची नजर पोरीच्या गळ्यावर खिळली होती. दोन हाडांच्या मधे गळ्याखाली जी खळी असते ना, ती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, बोटभर खोल. नाकपुड्या फुलत होत्या. खांदे वर चढून कानांना भिडू बघत होते. बरगड्यांमधली कातडी आत-बाहेर होत होती. श्वास आत पटकन जात होता, बाहेर यायला मात्र उशीर लावत होता, जसं कुणी दार आतून धरून ठेवलं आहे.

“तुका काय होता गो?” मावशीने तिचं तोंड आपल्याकडे वळवून विचारलं.

पोरीचे ओठ हलले. “बसलंय... छातीवर.”

पुरं वाक्य तिला एका श्वासात बोलता आलं नाही, हेही मावशीने पाहिलं. तिने पोरीला ताठ बसवलं, पुढे हात टेकवून, आणि पाठीवर हात ठेवून मोजत राहिली. गिरणीत वेळ मोजायची तिची एक रीत होती. घड्याळाकडे बघायला फुरसत नसे, म्हणून बाबिनीवर मोजायची. पाऊण बाबीन भरेल एवढ्या वेळाने श्वास चढला होता, आणि चार बाबिनी भरतील एवढ्या वेळाने उतरला. उतरला, आणि पोरगी उठून मोदकाच्या ताटाकडे पळाली.

ढोंग करणाऱ्या पोरीला गळ्याची खळी ओढता येत नाही. आणि भिवाला क्षयाने मरताना तिने पाहिलं होतं. तो दिवसेंदिवस झिजत गेला, तासातासाला बरा-वाईट होत नव्हता. मावशीला रोगाचं नाव माहीत नव्हतं. एवढं मात्र कळलं, की हे काहीतरी येणारं आणि जाणारं आहे, आणि जे जातं ते आलेलं असतानाच पकडायला हवं.

ती शेवंतीला सांगणार होती, पण त्याआधीच पितृपक्षातल्या एका सकाळी तिने समोरच्या गॅलरीत नवरा-बायकोला बोलताना पाहिलं. दत्तारामची पाठ कठड्याला, तोंड अर्धवट इकडे.

“दसरा झाला की तिला गावी सोडतो,” त्याचे ओठ म्हणाले.

“आणि शाळा?”

“वाचली तर शाळा. हा धाकटा तरी राहू दे आपल्याला.”

सूप तसंच टाकून मावशी चौक ओलांडून तीन जिने चढली. दारात उभी राहिली तेव्हा तिलाच धाप लागली होती.

“दत्ताराम, पोरगी खंय जाऊची नाय.”

“मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?” तो चपापला.

“तूच सांगितलंस. आताच.”

दत्ताराम हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. “तिकडे हवा चांगली आहे,” तो खाली बघत म्हणाला. मावशीने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. खाली बघून बोलणारा तिला वाचता येत नसे. तो पुन्हा म्हणाला, “हवा चांगली आहे, मावशी. भिवाला नाही नेता आलं. हिला तरी नेतो.”

“आणि पाच कोसांवर डाक्टर नाय, तेचा काय? हिचो श्वास अडकलो तर हवा काय करतली?” मावशीने त्याला दसऱ्यापर्यंतचा वेळ मागितला. “परळच्या मोठ्या हास्पिटलात एकदा दाखव. तेनी क्षयच म्हटल्यान तर मी स्वता तिका घेवन गावाक जातंय. तिच्याबरोबर रवतंय.”

ह्या शेवटच्या वाक्यावर दत्तारामने मान डोलावली. तशी पितृपक्षात आणि घटात प्रवासाला निघायची त्यांच्या घरी रीत नव्हतीच. दसऱ्यापर्यंत, तो म्हणाला.

नवरात्रातली सहावी माळ देवीला घालून दुर्गामावशी, शेवंती आणि सुनेत्रा लालबागहून परळला चालत गेल्या, हळूहळू, पोरीला दम लागू नये म्हणून. शेवंतीने सकाळीच तिला गरम पाणी पाजलं होतं, छातीला तेल चोळलं होतं, दोन वेण्या घालून लोखंडाच्या खाटेवर तासभर गप्प बसवलं होतं. डॉक्टरांसमोर लेक नीटनेटकी दिसावी, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. ही चूक गिरणगावातली प्रत्येक आई करायची. दुखणं घरी दाबून, पोर साफसूफ करून डॉक्टरपुढे न्यायची, आणि डॉक्टरला दुखणं दिसत नाही म्हणून कपाळाला हात लावायची.

तसंच झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत होता. पुढून, मागून नळी लावून ऐकलं. फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला. मग एक हातात धरायची नळी दिली, तिच्यावर आकडे आणि सरकता काटा. जोरात फुंकायचं होतं. सुनेत्राने नाजूक फुंक मारली, दिव्यावर मारतात तशी.

“तशी नाय!” मावशी म्हणाली. “गिरगावात अष्टमीक देवीफुडे घागर फुकतत, बघलंस मा? तशी. पण एकदाच, सगळा वारा भायर!”

काटा दोनशेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

“पहाटे खोकते? खेळल्यावर? ऋतू बदलला की? धूळ, धूर, मिरचीने वाढतो?” सगळ्याला शेवंती हो म्हणाली. “घरात कुणाला दमा?”

“नाही,” शेवंती म्हणाली.

शेवंतीचे ओठ नाही म्हणाले, पण म्हणण्याआधी एकदा घट्ट मिटले. मावशीने ते पाहिलं. तिने शेवंतीच्या दंडावर हात ठेवला. शेवंती खाली बघून पुटपुटली, “माझ्या आईला होता. पावसात उशांना टेकून बसूनच झोपायची. लग्नात सांगितलं नाही कुणी. सासरी अजून माहीत नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. “पण आत्ता छाती अगदी स्वच्छ आहे. मला संशय आहे, पण नुसत्या संशयावर क्षयाची औषधं बंद करता येत नाहीत. त्रास होत असताना आणा तिला.” मग मान वळवून शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांना अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

“उगाच घाबरल्यात म्हणता काय, बाय?” मावशीने विचारलं. डॉक्टरीणबाई दचकल्या. “आई घाबरलेली नाय. घाबरलंय ती मी. चार दिसांनी दसरो. मगे ती पोरगी तुमका गावणार नाय. त्रास होताना होयी ना? वायच थांबा.”

बाहेर व्हरांड्यात बाकांवर आया, पोरं, पिशव्या. मधे थोडी मोकळी जागा. मावशीने चपला कडेला काढल्या, नऊवारीचा ओचा खोचला आणि सुनेत्रापुढे दोन्ही हात आडवे-उभे धरले.

“चल गो. फुगडी.”

शेवंतीचा जीव अर्धा झाला. “मावशी, तुम्ही? नवरात्रात?”

“देवीफुडे नाय खेळणार मी. हय देवी नाय, हय डाक्टर आसा,” मावशी म्हणाली, आणि पायांची टोकं जुळवून मागे झुकली.

एकावन्न वर्षांची, सात वर्षं फुगडी न खेळलेली बाई आणि आठ वर्षांची पोर. पहिला फेरा अडखळत गेला, दुसरा सावरला, आणि मग पायांना जुनी ओळख पटली. वेण्या आडव्या उडत होत्या. सुनेत्रा खिदळत होती. बाकांवरच्या पोरांनी टाळ्या धरल्या. वॉर्डबॉय धावत आला. “ओ मावशी, हे काय देऊळ आहे?”

“देऊळ नाय म्हणानच खेळतंय!” मावशी फिरता फिरता ओरडली.

थांबल्या तेव्हा मावशी भिंतीला धरून उभी राहिली आणि पोरगी नुसती हसत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. सुनेत्रा ठीक. बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, म्हातारीला वेड लागलंय. मावशीने ते वाचलं आणि सोडून दिलं. शेवंतीला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मावशी मात्र पोरीच्या गळ्याकडे बघत होती. ज्या पोरीला काही होऊ नये म्हणून ती रोज सातेरीला हात जोडायची, तिला आत्ता व्हावं म्हणून ती मनात देवीला विनवत होती. असं उलटं मागणं तिने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

अर्धी बाबीन. पाऊण.

खळी आत गेली.

“आता!” मावशीने पोरीला कडेवर उचललं, रांग मोडून सरळ आत नेलं आणि टेबलासमोर ठेवलं. “आता आयका!”

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. ह्या वेळी त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी पोरीला पुन्हा फुंकायला लावलं. काटा एकशेवीसच्या पुढे सरकेना. मग एका यंत्राच्या नळीतून धुक्यासारखं औषध पोरीच्या नाकातोंडावर धरलं. दुर्गामावशी समोर उकिडवी बसली होती. तिला कुठलंच यंत्र ऐकू येत नव्हतं. तिने पाहिलं ते एवढंच, की खांदे खाली आले, नाकपुड्या निवल्या, आणि गळ्याखालची खळी हळूहळू भरून आली. तिसऱ्या फुंकीला काटा दोनशे दहावर गेला.

डॉक्टरीणबाई मुद्दाम मावशीकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत बोलल्या. “हा दमा आहे. श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने सैल होतात. आवळलेल्या असताना मी ऐकल्या, सैल झालेल्याही ऐकल्या. फोटोतही मला काही दिसत नाही. तरी क्षय नाही ह्याची खात्री करू. हातावर सुई टोचते, तीन दिवसांनी दाखवायला या. तोवर आधीच्या गोळ्या चालू द्या.” मग बोट उगारून म्हणाल्या, “आणि ही फुगडी घरी करून बघायची नाही हं! इथे औषध हाताशी होतं म्हणून निभावलं.”

“घरात फिरूक जागा खंय आसा, बाय?” मावशी म्हणाली.

तीन दिवसांनी, नवमीला, हातावर सुईची जागा साफ होती. त्या वेळी दत्तारामही आला होता, टोपल्यांचं काम सोडून. डॉक्टरीणबाईंनी क्षयाच्या गोळ्या थांबवल्या, रोजचं औषध लिहून दिलं आणि एक छोटा पंप दिला, श्वास चढला की तोंडात धरून ओढायचा. दत्ताराम तो हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला.

“ह्याची सवय लागते म्हणतात,” तो म्हणाला.

“साच्याक तेल घालीत होतंस मा?” मावशीने विचारलं. “तेव्हा साच्याक सवय लागली म्हणान कधी बंद केलंस?”

परतताना शेवंतीने भर रस्त्यात थांबून नवऱ्याला आपल्या आईच्या दम्याचं सांगितलं. दत्तारामने हातातला पंप खिशात नीट ठेवला. मग म्हणाला, “मग हिला कसं सांभाळायचं ते तुला माहीतच असेल की.” घरी गेल्यावर त्याने मोरीकडच्या फळीवरचं टवका उडालेलं ताट उचललं, राखेने घासलं आणि बाकीच्या ताटांत उभं करून ठेवलं. दसऱ्याला त्याच ताटात त्याने स्वतः श्रीखंड-पुरी खाल्ली. गावची गाडी त्या वर्षी त्यांच्यावाचूनच गेली.

पुढे कितीतरी आया दुर्गामावशीच्या उंबऱ्यावर पोरं घेऊन येऊ लागल्या. हिलाही तेच असेल का हो, मावशी? तिने कधी कुणाला रोगाचं नाव सांगितलं नाही. डोकं लावायचं ते डॉक्टरने, ती म्हणायची. ती पोराच्या अंगातला सदरा काढून त्याला समोर बसवायची, गळा आणि बरगड्या बघायची, आणि आईला चार प्रश्न विचारायची. पहाटे खोकतो? खेळल्यावर खोकतो की खेळताना? येतं नि जातं की राहतंच? तुझ्या माहेरी कुणाला होतं, आणि खरं सांग. मग म्हणायची, “दाबून नेव नको. असा आसा तसा ने. आणि ओठ निळे दिसले, नायतर बोलूक येयना झाला, तर माका विचारूक थांबा नको, टॅक्सी कर.” त्यातल्या काहींना दमा निघाला, काहींना नाही, आणि एकाला खरोखरच क्षय निघाला. तोही वेळेवर कळला म्हणून औषधाने बरा झाला. आणि त्याचंही ताट मावशीच्या पंगतीतून उठलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गौरी आल्या. पूजनाच्या दुपारी बायका जमल्या. दुर्गामावशी नेहमीसारखी उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली. सुनेत्राने कोपऱ्यात जाऊन पंप ओढला, डॉक्टरीणबाईंनी खेळाआधी सांगितला होता तसा, आणि तोंड पुसत मधे आली. पण कुणा पोरीकडे न जाता ती सरळ उंबऱ्याकडे गेली आणि मावशीपुढे हात आडवे-उभे धरून उभी राहिली.

खोली एकदम शांत झाली. मावशीला शांतता ऐकू आली नाही, पण ओठ थांबलेले दिसले. तिने एकदा गौरीच्या मुखवट्याकडे पाहिलं.

“हय देवी आसा गो बाय,” ती हळूच म्हणाली.

“देवीला मी विचारलंय,” सुनेत्रा म्हणाली. “सकाळीच.”

कुणीतरी हसलं. मग शेवंतीच पुढे झाली, तिने मावशीचा ओचा स्वतःच्या हाताने खोचून दिला आणि टाळी धरली. पाठोपाठ सगळ्यांनी धरली.

फुगडी झाल्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. मावशीची धाप मोठी होती, पोरीची लहान. बायका पुढच्या खेळाला लागल्या. मावशीने पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि तिच्या गळ्याखाली नजर ठेवून मनात मोजायला सुरुवात केली. अर्धी बाबीन. पाऊण. एक पुरी.

“काय बघतेस, मावशी?” सुनेत्राने विचारलं. एका श्वासात, पुरं.

“काय नाय,” मावशी म्हणाली. “मोदक खा जा.”